मंडळीतलं छोटं वाचनमंडळ: ख्रिस्ती कथा-कादंबऱ्या एकत्र वाचायच्या तर

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबल अभ्यास असतो, प्रार्थनासभा असते, महिला मंडळ आणि तरुण संघ असतो. त्यात वाचनमंडळाची भर घालायची तर एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवून टाका: इथे गोष्टी वाचायच्या. शास्त्राभ्यासाची आणखी एक बैठक म्हणून काढलेलं वाचनमंडळ फार दिवस तग धरत नाही. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला पुस्तक पिशवीतच राहतं आणि चर्चा एका वचनावरून दुसऱ्या वचनावर जायला लागते. वचनं सगळ्यांना पाठ असतात, प्रकरण मात्र निम्म्यांनी वाचलेलं नसतं. मग सोपी वाट धरली जाते. पुढे जे काही सांगितलंय ते बहुतेक या एका घसरणीला आवर घालण्यासाठीच आहे.

सुरुवात पाळकसाहेबांपासून करा. त्यांच्याकडे आणि पंचांकडे (मंडळीच्या कमिटीकडे) तीनच गोष्टी मागाव्यात: महिन्यातून एकदा दीड तास एक खोली, कुलूप लागेल असं कपाट (अर्धं चालेल), आणि उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये एक ओळ. पैसे मागू नका. मंडळीच्या पेटीतून पैसे आले की कुठलं पुस्तक वाचायचं यावर कमिटीत ठराव व्हायला लागतात. पाळकसाहेबांना बोलवायचं ते वाचक म्हणून, अध्यक्ष म्हणून नाही, आणि हे त्यांना आधीच मोकळेपणाने सांगितलेलं बरं. बहुतेकांना त्यात सुटल्यासारखंच वाटतं. त्यांना गोलात इतरांच्या रांगेतच बसवा आणि चर्चा निम्म्यावर आली की बोलायला सांगा. शेवटी बोलले तर तो निकाल ठरतो, पहिल्यांदा बोलले तर बाकीचे मान डोलावून गप्प.

माणसं किती? प्रत्यक्ष खुर्चीवर सहा ते दहा. पाचाच्या खाली गेलं की दोघं लग्नाला गेली तरी बैठक रद्द, आणि बाराच्या वर गेलं की निम्मे नुसते श्रोते. बारा नावं लिहून घ्या, आठ येतील.

वार ठरवताना रविवार सोडा. उपासना संपता संपता पोटात कावळे ओरडत असतात आणि कोल्हापुरात रविवारी दुपारी घरोघरी मटण शिजत असतं. त्या वासापुढे कुठलीही कादंबरी टिकत नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ बहुतेकांना जमते. जिथे पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) असतं तिथे त्याच्या आदला शनिवार तयारीत जातो, म्हणून दुसरा किंवा तिसरा शनिवार पक्का करा. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीने काम करणारे असतील तर त्यांची पाळी विचारून तारीख घ्या. एकदा ठरलेली तारीख मात्र दर महिन्याला हलवू नका. ‘सगळ्यांच्या सोयीने बघू’ म्हटलं की ते मंडळ व्हॉट्सॲपवरच राहतं.

वर्षाचं गणितही आपल्याकडच्या हवामानाप्रमाणे मांडा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आली की नागाळा पार्क, शाहूपुरीकडचे सभासद घरातच अडकतात किंवा सामान वर चढवत असतात. त्या दोन महिन्यांत लांब कादंबरीचा मधला भाग ठेवला तर धागा तुटतो. एकेका बैठकीत संपणाऱ्या कथा घ्या. मे महिन्यात माणसं गावाला जातात, तेव्हा सुट्टी. डिसेंबरात कॅरल आणि नाताळचे कार्यक्रम, म्हणून वीस पानांची एखादी गोष्ट पुरे. लांब पुस्तकाला खरा काळ मिळतो तो सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि मग जानेवारी ते ईस्टर.

पहिलं पुस्तक कादंबरी नको

सुरुवातीचे तीन महिने कथा. टॉलस्टॉयची मार्टिन चांभाराची गोष्ट (१८८५) पहिल्या बैठकीला चांगली बसते: छोटी आहे, आणि तिथल्या तिथे मोठ्याने वाचून होते. मग ‘वाचून आलो नाही’ म्हणायची कुणालाच सोय उरत नाही.

तळघरात राहणारा मार्टिन खिडकीतून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघतो आणि बुटांवरून माणसं ओळखतो. ‘उद्या रस्त्याकडे बघ, मी येणार आहे’ असा आवाज रात्री त्याला ऐकू येतो. दिवसभर वाट बघताना तो रस्त्यावरचा बर्फ बाजूला करणाऱ्या म्हाताऱ्याला चहा पाजतो, कुडकुडणाऱ्या बाईला आणि तिच्या तान्ह्याला घरात घेतो, सफरचंदं विकणारी म्हातारी आणि चोर पोरगा यांच्यातलं भांडण मिटवतो. शेवटी शुभवर्तमान उघडतं ते मत्तय २५ वर. इथेच बैठक चालवणाऱ्याने सांभाळायचं असतं. सुरुवातीलाच मत्तय २५:३५ (‘मला भूक लागली होती तेव्हा तुम्ही मला खायला दिलं’) वाचून टाकलं की गोष्ट त्या वचनाचं उदाहरण होऊन बसते आणि बोलायला काही उरत नाही. वचन गोष्टीत आलंय तिथेच येऊ द्या. आधी विचारा: लेखकाने या माणसाला तळघरात का ठेवलं? खिडकी पायांपुरतीच का? ओळखीच्या बुटांची माणसं आणि अनोळखी बुटांची माणसं यांच्याशी तो सारखंच वागतो का? या तीन प्रश्नांवर पाऊण तास आरामात जातो, कारण प्रत्येकाचं उत्तर शोधायला पान उलटावं लागतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि ती एका ख्रिस्ती लेखकाची आहे, हे आपल्याच मंडळीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले, म्हणजे ही कादंबरी इथल्या मिशनच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना एवढं सांगितलं की त्यांचे कान टवकारतात. पणजोबांच्या काळातल्या गोष्टी निघतात. निघू द्या, पण दहा मिनिटांपुरत्याच.

ही कादंबरी अवघड जाते ती दोन कारणांनी. भाषा पावणेदोनशे वर्षांपूर्वीची, वाक्यं लांब. घरी एकट्याने वाचायला दिली तर दहाव्या पानावर पुस्तक मिटतं. म्हणून दर बैठकीत आठ-दहा पानं मोठ्याने वाचायची आणि मधला भाग चालवणाऱ्याने पाच मिनिटांत सांगायचा. दुसरं, यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासात विधवांच्या कहाण्या ऐकत जातात, मग विनायक वारतो आणि यमुनेवरच तीच वेळ येते. पुढे ती ख्रिस्ती होते, तिचं पुन्हा लग्न होतं. हिंदू समाजाकडे बघण्याची पुस्तकाची नजर त्या काळातल्या मिशनरी वळणाची आहे. गटात कुणाची हिंदू मैत्रीण किंवा सून येत असेल तर हे टाळून पुढे जाऊ नका, सरळ प्रश्नच करा: इथे लेखक बाईचं दुःख सांगतोय, की धर्माची बाजू मांडतोय? दोन्ही एका पानावर कुठे आहेत? आणि शेवट यमुनेच्या स्वभावातून आलाय की लेखकाच्या इच्छेतून? ख्रिस्ती वाचकांनीच हा प्रश्न आधी केला तर पाहुण्याला परकं वाटत नाही. अशा पाहुण्यांना वाचायला बोलवलंय, त्यांना ख्रिस्ती करायला नाही, हेही गटात स्पष्ट असू द्या.

‘स्मृतिचित्रे’ कुणीतरी सुचवणारच. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. पण दोन जड पुस्तकांच्या मध्ये त्यातलं एखादं प्रकरण वाचा, हसून खोली हलकी होते. भाषांतरित ख्रिस्ती कादंबऱ्या निवडताना पहिली वीस पानं चालवणाऱ्याने मोठ्याने वाचून बघावीत. जीभ अडखळली की ते पुस्तक नाकारा, लेखक कितीही मोठा असो. प्रत्येक संकट प्रार्थनेनंतरच्या पानावर सुटतं अशा कादंबऱ्यांवर चर्चा होत नाही, फक्त ‘फार छान आहे’ होतं.

प्रती आणि पानं

दोघांत एक प्रत चालते, तिघांत नाही. आठ जणांना चार प्रती. आधी करवीर नगर वाचन मंदिरात बघा. १८५० सालापासूनचं ग्रंथालय आहे, जुनी मराठी पुस्तकं तिथे शोधण्यासारखी असतात. मग पाळकसाहेबांच्या आणि जुन्या घरांतल्या कपाटांत.

झेरॉक्स काढण्यापूर्वी हक्कांचं (कॉपीराइटचं) बघा. आपल्याकडे लेखक वारल्यानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतात. पदमनजी १९०६ साली वारले, त्यांचा मजकूर मोकळा आहे. टॉलस्टॉय १९१० साली गेले, पण त्यांच्या कथेचं मराठी भाषांतर ज्यांनी केलं त्यांचा हक्क वेगळा मोजायचा. गेल्या काही वर्षांतल्या कादंबरीची पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. मराठी ख्रिस्ती पुस्तकांच्या आवृत्त्या आधीच छोट्या निघतात. चार प्रती विकत घ्या. मोकळा मजकूर छापून वाटताना ज्येष्ठांसाठी अक्षर सोळा पॉइंटाचं आणि कागदाच्या एकाच बाजूला.

महिन्याला साठ पानांच्या वर जाऊ नका. पुस्तक महिनाभर उशाशी असतं आणि वाचन होतं शेवटच्या तीन रात्रींत. रात्री एक तास, तासाला वीस पानं, झाली साठ. शंभर पानं दिली तर न वाचलेले लाजेने येतच नाहीत. इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी हळू वाचतात, त्यांना साठही जड जातात. म्हणून कोणती दहा पानं चुकवायचीच नाहीत ते ग्रुपवर आठ दिवस आधी कळवा. मोठ्याने वाचायला पानाला अडीच ते तीन मिनिटं लागतात, म्हणजे दहा पानांना साधारण अर्धा तास.

दीड तास कसा घालवायचा

साडेपाचला बसा, कोण आलं नाही ते न बघता. प्रार्थना दोन मिनिटं, दर वेळी वेगळ्या माणसाने. मग कुणीतरी कथानक पाच मिनिटांत सांगायचं, म्हणजे न वाचलेल्यालाही धागा मिळतो. त्यानंतर निवडलेला उतारा मोठ्याने, पंधरा मिनिटं (‘यमुनापर्यटन’ असेल तर अर्धा तास, चर्चा तेवढी कमी). दोघा-तिघांत वाटून, संवाद वेगवेगळ्या आवाजांत. मग चर्चा, पन्नास मिनिटं. उरलेल्या वेळात पुढची पानं, पुढचा चालवणारा, शेवटची प्रार्थना आणि चहा.

चहा शेवटीच. भडंगाची वाटी सुरुवातीला फिरली की हळदीच्या तेलाची बोटं पानांवर उमटतात आणि ग्रंथालयाचं पुस्तक परत करताना तोंड लपवायची पाळी येते. आठ जणांना पाव किलो भडंग भरपूर होतं. ‘एकच पदार्थ, घरी केलेला नको’ असा नियम ठेवा; एकीने शेवयाची खीर आणली की दुसरी केक आणते, आणि तिसरीला जमत नाही म्हणून ती यायचीच बंद होते.

प्रश्न चारच काढा आणि प्रत्येकासमोर पान क्रमांक लिहा. ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कधीच पहिला विचारू नका. त्याचं उत्तर पुस्तक न वाचताही देता येतं, आणि दिलं जातं. ‘हे पात्र इथे खोटं का बोललं?’ याचं देता येत नाही.

जिथे हमखास बिघडतं

साक्ष. एखाद्या पात्राच्या दुःखावरून कुणाला स्वतःचं आठवतं आणि वीस मिनिटं जातात. तोडू नका, पण संपल्यावर लगेच ‘ताई, त्या पानावर यमुना काय करते बघूया का?’ म्हणून पुस्तकाकडे आणा. डोळ्यांत पाणी असेल तर बैठकीनंतर कुणीतरी त्यांच्यासोबत चालत जावं.

‘ही अगदी आपल्या अमक्यासारखी आहे हो!’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हाच थांबवा. मंडळी लहान, सगळे एकमेकांचे नातेवाईक. सोमवारपर्यंत ते अमक्यापर्यंत पोचलेलं असतं.

पात्राचं तारण झालं की नाही यावर दोन गट पडतात, विशेषतः वेगवेगळ्या पंथांची माणसं असतील तेव्हा. बाप्तिस्मा, पवित्र मरिया, अन्य भाषा (प्रार्थनेत अनोळखी भाषेत बोलणं) हे विषय पुस्तकात असतील तर पुस्तकापुरतेच बोलायचे: लेखक काय मानतो, ते कुठल्या वाक्यात दिसतं. कोण बरोबर, ते तिथे ठरवायचं नाही.

एकच काका सगळं बोलत असतील तर त्यांना पुढच्या वेळी कथानक सांगायचं काम द्या. पाच मिनिटं हक्काची मिळाली की नंतर बरेच शांत बसतात. गप्प बसणाऱ्या मुलीला चर्चेत मत विचारू नका, उतारा वाचायला द्या; दोन-तीन बैठकांत ती आपणहून बोलते.

पुस्तकांची नोंदवही एकच, आणि ती कपाटातच. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, एवढे चार रकाने. पुस्तकांना खाकी कव्हर घाला, कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवा आणि वर कडुनिंबाचा सुका पाला टाका. पुस्तक हरवलं तर दंड न लावता तीच प्रत आणून द्यायला सांगा. मिळत नसेल तर पुढच्या पुस्तकाची एक प्रत त्यांच्याकडून.