उन्हाळी कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचाय? मग बी टाकण्यापासूनच बघा

दरवर्षी मे महिन्यात सगळ्यांचा प्रश्न एकच, चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) कांदा सडू नये म्हणून काय मारू? आता खरं सांगायचं तर तेव्हा मारण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. कांदा किती टिकणार हे बरंचसं बी, खत आणि पाणी यातच ठरून गेलेलं असतं, चाळ फक्त आहे तो माल सांभाळते.

पहिली गोष्ट, साठवायला फक्त रब्बीचा म्हणजे आपला उन्हाळी कांदाच धरा. खरिपाचा आणि रांगडा (उशिरा खरिपाचा) लाल कांदा काढला की विकायचा, तो ठेवून रेटची वाट बघण्यात अर्थ नाही. व्हरायटी घेताना एन-2-4-1, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड, राजगुरुनगरच्या कांदा संशोधन संस्थेच्या भीमा किरण, भीमा शक्ती, नाहीतर तुमच्या भागात चाललेलं खात्रीचं गावरान किंवा फुरसुंगी, यातलं काहीही चालेल. बी मात्र त्याच वर्षीचं पाहिजे, कांद्याच्या बियाची उगवण फार लवकर पडते, त्यामुळे गेल्या साली उरलेलं पाकीट स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. घरचं बी करत असाल तर चाळीत शेवटपर्यंत टिकलेले, एकसारखे, बारीक मानेचे कांदे गोट (बी धरायचा कांदा) म्हणून लावा. पिकात आपोआप निघालेल्या डेंगळ्यांचं (फुलाचा दांडा आलेल्या कांद्यांचं) बी कधीच धरू नका, पुढच्या वर्षी वावरात डेंगळेच डेंगळे दिसतील.

उळं (रोपासाठी बी) टाकायचं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. एकरी अडीच-तीन किलो बी लागतं. सपाट वाफ्यात फेकून टाकण्यापेक्षा एक मीटर रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा, दोन-दोन इंचावर आडव्या रेघा ओढून अर्धा इंच खोल बी पेरा आणि वरून चाळलेलं शेणखत टाकून झारीने पाणी द्या. पेरायच्या आधी बियाला थायरम नाहीतर ट्रायकोडर्मा चोळला तर मर (कोवळी रोपं कोलमडणं) कमी होते. बी दाट पडलं की रोप लांबुडकं आणि लुळं होतं, तिथे हात आखडताच ठेवा.

रोप 50-55 दिवसांचं झालं की लागण (रोपं शेतात लावणं), म्हणजे डिसेंबर मध्य ते जानेवारी मध्य. अंतर 15 बाय 10 सेंटीमीटर. लय जाड झालेलं, वय झालेलं रोप बाजूला काढा कारण थंडीत डेंगळे आणि जोड कांदे त्यातच जास्त निघतात, आणि हे दोन्ही चाळीत सगळ्यात आधी जातात. लागण फार लांबली तर कांदा पोसायच्या आधीच ऊन वाढतं, मग गोल्टीच (बारका कांदा) जास्त निघते, वर काढणी वळवाच्या पावसात सापडायची भीती.

आता खत, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे जा, नसेल तर एकरी साधारण 40 किलो नत्र, 20 स्फुरद, 20 पालाश आणि 15 किलोच्या आसपास गंधक. अर्धं नत्र आणि बाकीचं सगळं लागणीच्या वेळी, उरलेलं नत्र 30 आणि 45 दिवसांनी दोनदा विभागून. साठ दिवसांनंतर युरियाची गोणी हातात घ्यायचीच नाही! शेजाऱ्याची पात काळीभोर दिसतेय म्हणून आपणही टाकायचं, मग मान जाड राहते, ती नीट सुकत नाही आणि सड तिथूनच आत शिरते. फुलकिडे आणि करपा यांच्यावर मात्र वेळेत लक्ष ठेवा, पात लवकर करपली तर कांदा अर्धवटच पोसतो.

साधारण अर्ध्या पाती माना मोडून पडल्या की कांदा काढायला आला समजा, आणि पाणी त्याच्या 10-15 दिवस आधीच तोडा. वजन वाढेल म्हणून शेवटचं पाणी देणारे लोक तेच वजन चाळीत पाणी सुटून घालवतात. काढल्यावर लगेच पात कापू नका, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं झाकून तीन-चार दिवस वावरातच सुकू द्या, मग इंचभर मान ठेवून कापा. त्यानंतर सावलीत आणखी 10-15 दिवस. कांद्याची वरची पत्ती कागदासारखी वाजली आणि मान चिमटीत दाबून बंद लागली की झालं. उघड्या उन्हात ढीग घालाल तर कांदा चटके लागून खराब होतो.

चाळीत (कुणी बराखी म्हणतं) भरताना जोड, डेंगळे, चिंगळी (अगदी बारके), कापलेले, जाड मानेचे सगळे बाजूला काढून आधी विका, मध्यम आकाराचाच माल आत. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, खालून हवा यायला फटी, ढिगाची रुंदी चार फूट आणि उंची चार-पाच फुटांच्या वर नाही. जागा उरली नाही म्हणून वर वर रचत गेलात की खालचा थर दाबानेच जातो. एक पाखी (कांद्याची एकच रांग) चाळ असेल तर लांबी दक्षिणोत्तर, दोन पाखी (दोन रांगा) असेल तर पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात बाजूने ताडपत्री पाहिजेच पण उघडीप पडली की लगेच वर करा, नाहीतर आत दमट होऊन काजळी (काळी बुरशी) धरते.

ढिगाच्या आत हात घालून अधूनमधून बघत जा, वास आला तर तेवढाच भाग उपसून निवडून टाका, सगळी चाळ हलवायची गरज नसते. आणि ऑक्टोबरनंतर हवा गार व्हायला लागली की मोड झपाट्याने येतात, तेव्हा अजून दोनशे वाढेल म्हणत बसू नका, माल बाजारात काढा.