सीएलएलमध्ये सीडी४९डी कसं मोजावं

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा रक्ताचा कर्करोग; त्याच्या पेशी दिसतात रक्तात. पण त्यांचं बस्तान अस्थिमज्जेत आणि लसिकाग्रंथींत. तिथल्या आधारपेशींवरच्या व्हीकॅम-१ या प्रथिनाला त्या व्हीएलए-४ या रेणूने घट्ट धरतात. पकड बसली की पेशी लवकर मरत नाही, औषधालाही सहज दाद देत नाही. सीडी४९डी हा या व्हीएलए-४चाच एक घटक.

२ ते ३ मिली रक्त जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घ्या आणि हलक्या हाताने ८-१० वेळा उलटसुलट करा. गोव्यात काणकोण किंवा पेडण्याहून बांबोळीच्या प्रयोगशाळेला नमुना पाठवायचा तर १८ ते २५ अंश हवेत. मे महिन्यात बंद गाडीत ट्यूब तापते, म्हणून थर्माकोलचा डबा घ्या; पण बांगडा माशासारखी ती बर्फात खुपसू नका. चाचणी २४ तासांत झालेली बरी, ४८ तासांपुढे नकोच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पेशींच्या संख्येत. एका ट्यूबला १०० मायक्रोलिटरमध्ये साधारण १० लाख पेशी पुरतात. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर १ लाख असल्या, तर तेवढ्याच रक्तात १ कोटी होतात. अँटिबॉडी अपुरी पडते आणि सीडी४९डी खोटंच कमी दिसतं. असं रक्त आधी पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) दहापट पातळ करा.

मग सीडी४५, सीडी१९, सीडी५ आणि सीडी४९डी या पेशींवरच्या खुणांना चिकटणाऱ्या, चमकत्या रंगाच्या अँटिबॉडी घालून १५ मिनिटं अंधारात ठेवा. सीडी४९डीला पीई (फायकोएरिथ्रिन) सारखा तेजस्वी रंग निवडा. २ मिली अमोनियम क्लोराइडने १० मिनिटांत तांबड्या पेशी फोडा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) ५ मिनिटं फिरवा, धुवा.

फ्लो सायटोमीटर या एकेका पेशीवरचा रंग मोजणाऱ्या मशीनवर जोड-पेशी (चिकटून आलेल्या पेशी) आणि कचरा वगळून सीडी१९ व सीडी५ दोन्ही असलेल्या पेशी निवडा. त्याच ट्यूबमधल्या टी-पेशी सीडी४९डी पॉझिटिव्ह आणि न्यूट्रोफिल निगेटिव्ह दिसायला हव्यात. टी-पेशीच फिक्या असतील तर रिपोर्ट थांबवा, चाचणी पुन्हा लावा.

३० टक्के किंवा जास्त सीएलएल पेशींवर सीडी४९डी असेल तर पॉझिटिव्ह. आलेखात दोन उंचवटे, म्हणजे सीडी४९डी असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे दोन गट, दिसले तर तसं लिहाच. नुसत्या टक्केवारीत लहान उंचवटा हरवतो.

रुग्ण इब्रुटिनिब या सीएलएलच्या औषधावर असेल तर तेही नोंदवा. सीडी४९डी पॉझिटिव्ह रुग्णात हे औषध सुरू झाल्यावर रक्तातल्या लिम्फोसाइट तुलनेने कमी वाढतात. ते सुधारणेचं लक्षण समजू नका. पेशी ग्रंथी सोडत नाहीत आणि गाठीही कमीच ओसरतात.