पावसाआधी पाइपलाइन गाडताय? ट्रेंचरने चारी काढताना

रब्बीचे रान मोकळे झाले की पाइपलाइन गाडायला पावसापर्यंतच सवड असते. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) चालणारा चेन ट्रेंचर सहा-आठ इंच रुंदीची चारी काढतो. जेसीबीपेक्षा रान कमी उकरले जाते. शेजारच्या लाइनी, केबल कुठून गेल्यात ते मात्र आधी विचारून घ्या.

खोली तीन फूट धरा. सबसॉयलर (जमीन खोल फोडणारा नांगर) दोन फुटांपर्यंत जातो, त्यामुळे उथळ लाइन कधी ना कधी फाळाला लागतेच.

काळी जमीन टणक असेल तर आखलेल्या रेषेवर आधी तुषार संच चालवा आणि वापसा (ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती) आल्यावरच यंत्र घाला. चिखलात चेन भरून येते.

पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणि ट्रॅक्टर क्रीपर म्हणजे अगदी संथ चालीच्या गिअरमध्ये हवा. क्रीपर नसेल तर लो पहिल्या गिअरमध्येही ट्रॅक्टर जास्त पळतो, इंजिन दबते आणि शिअर बोल्ट (जास्त ताण आला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटतो. तुटलेल्या बोल्टाच्या जागी त्याच ग्रेडचा बोल्ट घाला. जास्त कडक बोल्ट टाकला तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. चेनमधला दगड काढताना इंजिन बंद आणि किल्ली खिशात, यात तडजोड नको. बूम (चेन फिरते तो दांडा) तिरकी असल्याने चारीच्या शेवटी दोनेक फूट उतार राहतो; कोपऱ्यावर तेवढे पुढे जाऊन थांबा.

तळातले दगड वेचून चार इंच वाळू किंवा चाळलेली माती पसरा. खरी चूक होते ती पाइप जोडताना. पीव्हीसी उन्हात वाढतो: 100 मीटर लाइनीत 20 अंशांच्या फरकाने साधारण 14 सेंटिमीटर. भर दुपारी जोडून बुजवलेली लाइन गार पाणी आले की आखडते आणि सांधा निसटतो. म्हणून जोडणी आणि बुजवणी दोन्ही सकाळच्या गारव्यात करा. सांध्याला लावलेले सोल्युशन (पाइप चिकटवायचा डिंक) 24 तास वाळू द्या. मग पाइपांच्या मधल्या भागावर माती टाकून, सांधे उघडे ठेवून मोटर चालवून बघा. एल्बो आणि टीच्या मागे काँक्रीटचा ठोकळा आधीच भरून पक्का होऊ द्या, नाहीतर मोटर सुरू होतानाच्या दाबाने ते सरकतात.

मोटरची केबल पाइपच्या चारीत टाकू नका. पाइपवर माती घालून वर केबल ठेवली की ती सबसॉयलरच्या टप्प्यात येते. बांधाकडेने वेगळी तीन फुटी चारी काढून एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) नळीतून अखंड केबल न्या. जमिनीत जोड नको. फूटभर माती पडली की इशारा पट्टी अंथरा आणि वरची चारी बुजवा.

माती सहा इंच उंच चढवून ठेवा. पहिल्या दोन पावसांत ती बसते. जिथे खचेल तिथे पुन्हा भर घाला.