पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते सॅटेलाइटवरून स्वतः कसं बघायचं

शिकायला ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर घ्या, कृष्णाकाठी पाणी इतकं पसरलं होतं की नवख्यालाही इमेजमध्ये लगेच दिसतं.

कोपर्निकस ब्राउझर ही साइट उघडा, युरोपियन युनियनची आहे, फुकट आहे, नुसतं बघायला लॉगिनपण लागत नाही. सर्चमध्ये सांगली टाका. इथे बरेच जण सेंटिनेल-२ हा सॅटेलाइट निवडतात कारण ते फोटोसारखं दिसतं, पण ऑगस्टमध्ये त्यात ढगच ढग. तुम्ही सेंटिनेल-१ घ्या. ते रडार आहे, स्वतः लहरी सोडतं आणि परत आलेल्या मोजतं, त्यामुळे ढग असो की रात्र, काही अडत नाही.

लेयर व्हीव्ही डेसिबल (परत आलेल्या लहरीचा जोर दाखवणारा) ठेवा. कॅलेंडरमधून आधी मे २०१९ ची एक तारीख घ्या, मग ५ ते १५ ऑगस्टमधली जी मिळेल ती (रोजची इमेज नसते). दोन्हींची ऑर्बिट डायरेक्शन (सॅटेलाइट उत्तरेकडे जात होता की दक्षिणेकडे) सारखीच पाहिजे, नाहीतर बघण्याचा कोन बदलतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही. आता दोन्ही कम्पेअरमध्ये टाकून स्लायडर सरकवा. मे मध्ये काळी दिसते ती नदी, ऑगस्टमध्ये नव्याने काळं झालं ते पुराचं पाणी. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरच्या उजेडासारखी पलीकडे निघून जाते, परत येतच नाही, म्हणून काळं.

पण जेवढं काळं तेवढाच पूर असं अजिबात समजू नका, ही चूक फार होते. हा सगळा उसाचा पट्टा. ऊस पाण्याच्या वर उभा असेल तर सेंटिनेल-१ ची साडेपाच सेंटीमीटरची लहर पाल्यावरूनच परत फिरते आणि खाली कमरेएवढं पाणी असलं तरी रान कोरडं दिसतं. गावात तर उलटंच, पाणी आणि भिंत दोन्हीवर आपटून सिग्नल जोरात येतो, त्यामुळे बुडालेली गल्ली काळी नाही, उजळ दिसते. म्हणून नुसत्या इमेजवरून कुणाचं रान पुरात नव्हतं असं ठरवू नका, तिथल्या माणसांना विचारा.

उसाचं नुकसान बघायचं असेल तर ढग गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरची सेंटिनेल-२ ची इमेज काढा आणि एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा) लेयर लावा, कुजलेल्या उसाचे पट्टे शेजारच्या हिरव्या रानापेक्षा वेगळे उठून दिसतात.