चार जण, एक जिना आणि दोन मिनिटं: स्टुडंट फिल्मचं ओपनिंग प्लॅन करताना

मास मीडियाला असाल तर कधी ना कधी हा प्रोजेक्ट येतोच, की न बनलेल्या सिनेमाची फक्त पहिली दोन मिनिटं करून आणा, टायटल्ससकट. आणि निम्मे ग्रुप त्या दोन मिनिटांत अख्खा पिक्चर कोंबतात, खून पण, फ्लॅशबॅक पण, पोलीस पण, पावसात रडणारी हिरॉईन पण. तो ट्रेलर झाला. ओपनिंगमध्ये तुम्हाला काहीही संपवायचं नसतं, बघणाऱ्याच्या डोक्यात एक प्रश्न सोडायचा आणि नाव टाकायचं, बास.

आमचा ग्रुप चौघांचा होता. पहिल्या मीटिंगला कॅन्टीनमध्ये बसून आम्ही जे ठरवलं त्यात एक लग्न होतं. लग्न! दीडशे माणसं कुठून आणणार हे कोणी विचारलंच नाही, चहा संपेपर्यंत सगळ्यांना आयडिया भारीच वाटत होती. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की गोष्टीच्या आधी डोकी मोजा. चार जण म्हणजे शूटच्या दिवशी एक कॅमेऱ्यावर, एक साउंडवर, एक डिरेक्शन आणि कंटिन्युटीला (म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय ना ते बघायला), आणि चौथा बाकी सगळ्याला, म्हणजे वॉचमन, शेजारी, पाणी, वडापाव, कोणाचा फोन वाजतोय ते. या चौथ्याला सगळे 'तू काय नुसतं मॅनेज कर' म्हणून कमी लेखतात पण तो नसेल तर अकरा वाजता शूट बंद पडतं, लिहून घ्या. चौघांपैकीच कोणी ॲक्टिंग करणार असेल तर उरले तीन, म्हणजे साउंडवाला गेला, आणि आवाज खराब असेल तर चित्र कितीही छान असू दे, लोक सहन करत नाहीत.

तर ॲक्टर बाहेरून आणा. पुण्यात असाल तर कॉलेजच्या पुरुषोत्तम किंवा फिरोदिया या नाट्यस्पर्धांच्या टीममधून कोणीतरी मिळतंच, फक्त त्यांच्या तालमी सुरू व्हायच्या आत धरा, नंतर ती माणसं रात्री अकराशिवाय मोकळी होत नाहीत. आणि नाटकवाल्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची, जे करतोयस ते अर्ध्यावर आण. शेवटच्या रांगेला दिसायला हवं ही त्यांना सवय असते, इथे शेवटची रांग दोन फुटांवर आहे.

आता गोष्ट. लग्न कॅन्सल झाल्यावर आम्ही उलटं सुरू केलं, म्हणजे आपल्याकडे फुकट काय आहे? एका मैत्रिणीच्या जुन्या सोसायटीतला तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं, मध्ये जिना, जिन्याला जाळीची खिडकी. झालं. मग त्या जागेत काय होऊ शकतं यावर दोन दिवस भांडलो आणि शेवटी हे निघालं: सकाळी एक मुलगी दार उघडते, कडीला लावलेल्या पिशवीतून दूध घेते, सहज समोर बघते तर समोरच्या दाराच्या पिशवीत दुधाच्या तीन पिशव्या, कोणी घेतल्याच नाहीत. ती एकेकीवरची तारीख बघते, आजची, कालची, परवाची. बेल वाजवते. कोणी नाही. वळते, आणि आतून कुकरची शिट्टी होते. टायटल.

डायलॉग एकही नाही, ॲक्टर एक, लोकेशन एक, आणि प्रश्न पण एकच, की आत कोण आहे. तुमची गोष्ट वेगळी असेल पण ही चाळणी वापरून बघा, तुमचं ओपनिंग फोनवर आईला तीन वाक्यांत सांगा आणि तिने 'मग पुढे?' विचारलं तर ठेवा. तिने 'अच्छा' म्हटलं तर बदला.

स्क्रिप्ट एक ते दीड पानाची लिहा, साधारण एक पान म्हणजे एक मिनिट धरतात पण नुसती ॲक्शन असली की हा हिशोब फसतो, 'ती तारखा बघते' ही एक ओळ आहे आणि पडद्यावर पंचवीस सेकंद जातात. म्हणून लिहून झालं की स्टॉपवॉच लावून प्रत्यक्ष करून बघा, घरात, कोणत्याही दारासमोर.

मग शॉट डिव्हिजन. दोन मिनिटांना आमचे १८ शॉट झाले, म्हणजे सरासरी साडेसहा-सात सेकंदांचा एक. नवखा ग्रुप एका सेटअपला, म्हणजे कॅमेरा लावून एक शॉट घ्यायला, वीस मिनिटं घेतोच घेतो, १८ गुणिले २० म्हणजे सहा तास, यात जेवण नाही, आणि लिफ्टमधून सामान घेऊन आलेले काका पण नाहीत. तुमच्या कागदावर ४० शॉट असतील तर तुम्ही एका दिवसाचं नाही तर दोन-अडीच दिवसांचं शूट लिहिलंय, हे आधीच कळलेलं बरं.

आमच्या कागदाचा तुकडा असा होता, जसाच्या तसा देतो (मिड म्हणजे साधारण कमरेपासून वरचा शॉट, क्लोज म्हणजे नुसता चेहरा, इन्सर्ट म्हणजे एखाद्या वस्तूचा जवळून घेतलेला):

शॉट ७, मिड, ती पाठमोरी, समोरचं दार आणि पिशवी फ्रेममध्ये, ती थांबते.
शॉट ८, क्लोज, तिचा चेहरा, नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे.
शॉट ९, इन्सर्ट, पिशवीत हात, पहिल्या पिशवीची तारीख.
शॉट ९ अ, ब, तेच, दुसरी आणि तिसरी. एकाच सेटअपमध्ये काढून टाकणे!!
शॉट १०, परत क्लोज.

शॉट ८ मधलं ते 'डावीकडे' महत्त्वाचं आहे. दोन दारांच्या मध्ये मनात एक रेघ ओढा आणि कॅमेरा कायम एकाच बाजूला ठेवा, आमचा खिडकीच्या बाजूला होता. रेघ ओलांडली की एडिटमध्ये ती स्वतःच्याच दाराकडे बघतेय असं वाटतं आणि मग कितीही कापाकापी करा, सुटत नाही.

हे शॉट ठरले की शूटच्या आधी प्रत्येकाचा फोनवर एक फोटो काढा, ॲक्टरच्या जागी कोणालाही उभं करा, आणि ते १८ फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर ओळीने ठेवून खाली बेलचा, शिट्टीचा आवाज लावा. एक संध्याकाळ जाते पण आमचे तीन शॉट इथेच उडाले, म्हणजे एक तास वाचला. दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा आपला पहिला मोठा सिनेमा काढायच्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेमने टिपून छोटी फिल्म केली होती आणि ती दाखवून पैसे उभे केले, तर आपल्याला फोटो काढायला काय होतंय.

रेकी, म्हणजे जागा आधी जाऊन बघणं, त्याच वेळेला करा ज्या वेळेला शूट आहे. आम्ही संध्याकाळी जाऊन जागा बघून आलो, मस्त वाटली, आणि शूट सकाळचं. सकाळी जाळीतून ऊन येतं हे माहीतच नव्हतं, दिसायला फार सुंदर, पण ते सरकतं ना. साडेसातला दाराच्या कडीवर असलेलं ऊन नऊ वाजता फरशीवर. मग भिंत दिसणारे सगळे वाइड, म्हणजे लांबून घेतलेले शॉट, आधी उरकले आणि क्लोज नंतर, उजेड चेहऱ्यावर परतवायला समोर थर्माकोलची शीट धरून. दुसरी गोष्ट, पॅसेजचा लाइट सेन्सरवर होता, दोन मिनिटं कोणी हललं नाही की बंद. ॲक्टर दारासमोर स्तब्ध उभी, सगळे श्वास रोखून, आणि काळोख. चौथा माणूस जिन्यात उभा राहून हात हलवत होता अख्खा दिवस.

परवानगीचं सोपं आहे पण आधी करा. सोसायटी असेल तर सेक्रेटरींना कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, तारीख, वेळ, किती माणसं, आणि शेजारच्यांना तोंडी. 'मोबाइलवरच तर काढतोय' चालत नाही, ट्रायपॉड दिसला की प्रश्न सुरू होतात. रेल्वे स्टेशन, मेट्रो, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले वाडे-किल्ले, हे डोक्यातूनच काढा, त्यांची रीतसर परवानगी तुमच्या डेडलाइनमध्ये बसणार नाही.

कॅमेरा फोनचाच असू दे, काही बिघडत नाही. फक्त ऑटोवर सोडू नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली शटर स्पीड १/५० सेकंद ठेवायचा आणि फ्रेम रेट २५ (सेकंदाला २५ चित्रं), नाहीतर भिंतीवर पट्टे पळताना दिसतात. एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) लॉक, एअरप्लेन मोड ऑन. एकमेकांना फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, चिरडून टाकतं ते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं, किंवा सरळ हार्डडिस्क घेऊन जा. आणि दोन जणांकडे कॉपी असल्याशिवाय फोनमधून काहीही डिलीट करायचं नाही, हे चौथ्या माणसाने ओरडून सांगायचं.

आवाज. बेल, कडी, चप्पल, पिशवीची चुरचुर, हे सगळं शॉट संपल्यावर माइक जवळ नेऊन वेगळं रेकॉर्ड करा. शिवाय सगळे गप्प उभे राहून तीस सेकंद त्या पॅसेजची नुसती शांतता घ्या, एडिटमध्ये दोन कटच्या मधली भोकं बुजवायला ती लागते. कुकरची शिट्टी आम्ही सेटवर ट्राय केली, मैत्रिणीच्या आईने बिचारीने तीनदा भात लावला, पण शिट्टी काही 'ॲक्शन' म्हटल्यावर होत नाही. शेवटी तिच्याच घरी रात्री वेगळी घेतली, बंद दाराच्या बाहेरून. बाहेरूनच घ्या हं, दार मध्ये असलं की आवाज जसा दबतो तसा तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये जमवायला खूप खटपट पडते.

आता आमचा पोपट कसा झाला ते. प्रॉपर्टी, म्हणजे शूटमध्ये वापरायच्या वस्तू, माझ्याकडे होती, आमच्या बाबतीत दूध. मी शूटच्या आदल्या संध्याकाळी डेअरीवर जाऊन एकदम सहा पिशव्या आणल्या, तीन वापरायला तीन जास्तीच्या, फ्रिजमध्ये टाकल्या, खूश. सकाळी तारखांचे इन्सर्ट घेतले, सुंदर आले, फोकस एकदम शार्प. आठवड्याने रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, दुसऱ्या वर्गातल्या मित्राला दाखवला तर तो म्हणतो, 'तिन्हीवर सेमच तारीख आहे की.' अख्खी गोष्ट त्या तारखांवर उभी आणि आम्ही चौघांनी ते शंभर वेळा बघितलेलं. वर फ्रिजमधून काढल्यामुळे पिशव्यांना घाम आलेला, तीन दिवस दाराला लटकलेल्या दुधाला घाम कुठून येणार? मग परत तीन दिवस रोज एक पिशवी आणली, आणि पहिली मुद्दाम बाहेरच ठेवली, ती तिसऱ्या दिवशी उशीसारखी फुगली. तो फुगलेल्या पिशवीचा शॉट आता आमच्या ओपनिंगमधला सगळ्यात चांगला शॉट आहे, आणि तो स्क्रिप्टमध्ये नव्हताच. (वासाबद्दल बोलायला नको.) तर प्रॉपर्टी तीन-चार दिवस आधी जमवायला घ्या आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचा ती वापरायची तशा फ्रेममध्ये फोटो काढून ग्रुपबाहेरच्या एकाला दाखवा. कंपनीचं नाव कॅमेऱ्याकडे येऊ देऊ नका, तारखेची बाजू तेवढी पुरते.

टायटल्सचा विचार शूटच्या आधी करायचा असतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नावं कुठे बसणार त्यासाठी फ्रेममध्ये रिकामी भिंत सोडावी लागते. साधारण क्रम म्हणजे आधी निर्मिती, मग कलाकार, सिनेमाचं नाव, मग संगीत, संकलन, छायांकन, लेखन, आणि दिग्दर्शक सगळ्यात शेवटी. प्रत्येक पाटी तीनेक सेकंद तरी हवी, आठ पाट्या म्हणजे चोवीस सेकंद, आणि तारखा वाचायच्या असताना वरून पाटी आणू नका, माणूस एका वेळी एकच वाचतो. चौघांचीच नावं सगळीकडे येणार हे उघड आहे, म्हणून एकाचं नाव पाच वेळा टाकण्यापेक्षा एका पाटीवर त्याची दोन कामं लिहा. सेन्सॉर सर्टिफिकेटची नकली पाटी गंमत म्हणून लावू नका, दर वर्षी कोणीतरी लावतंच.

मराठीत टायटल्स करताना जोडाक्षरं फुटतात. एडिटिंगला ॲडोबीचं प्रीमियर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या खाली टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवालं निवडा, नाहीतर दुसरीकडे पाटी बनवून तिची पीएनजी (चित्राची फाइल) आणून ठेवा. फॉन्टसाठी मुक्त किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट आणि देवनागरीसाठी नीट बनवलेले. एडिटला डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन भरपूर झालं.

म्युझिक म्हणून जुनं हिंदी गाणं टाकायचा मोह होतो, 'जुनं आहे ना, चालतं.' नाही चालत. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. कॉलेजात कोणी पकडणार नाही कदाचित पण यूट्यूबवर टाकलं की कॉपीराइटचा क्लेम येतो. हार्मोनियम वाजवणारा एखादा मित्र शोधा. आमच्यात तर शेवटी म्युझिक ठेवलंच नाही, खालून येणारा भाजीवाल्याचा आवाज होता, तो पुरला.

सबमिशनच्या दोन दिवस आधी कॉलेजच्याच प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा. लॅपटॉपवर छान काळोखी दिसणारा जिना तिथे नुसता काळा येतो, आमच्या तारखा दिसतच नव्हत्या, त्या तीन शॉटचा ब्राइटनेस वाढवून परत एक्स्पोर्ट मारला. आणि पेनड्राइव्ह दोन न्या.