मॅटमध्ये अर्ज करायचाय? मग आधी तारखा मोजा

सरकारी नोकरीत अन्याय झाला की पहिला सल्ला मिळतो तो साहेबांना निवेदन दे, मग स्मरणपत्र दे, मग मंत्रालयात कोणी ओळखीचं आहे का बघ, आणि यात दीड दोन वर्षं कशी गेली ते कळतच नाही. मग कोणीतरी सांगतं अरे मॅटला जा, आणि तिथं गेल्यावर वकील पहिला प्रश्न विचारतो की ऑर्डर कधीची आहे. चांगल्या चांगल्या केसेस इथंच अडकतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, आपल्या हक्काचं असून फक्त मुदतीमुळे गेलं असं कोणाचंच होऊ नये.

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. राज्यघटनेच्या कलम ३२३-अ खाली केंद्राने १९८५ साली प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा केला, त्याखाली आपल्या राज्यात जुलै १९९१ पासून हे सुरू आहे. मुख्य पीठ मुंबईला, बाकी दोन पीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. काम एकच, राज्य सरकारच्या नोकरीबद्दलचे वाद ऐकायचे. सदस्य दोन प्रकारचे असतात, न्यायिक आणि प्रशासकीय, म्हणजे खुर्चीवर कायद्याचा माणूस पण असतो आणि सरकारी फाईल आतून कशी चालते ते माहीत असलेला माणूस पण. बदली, निलंबन, पेन्शन असले विषय बहुतेक वेळा एका सदस्यापुढे लागतात, मोठे विषय दोघांच्या बेंचपुढे. आपला जिल्हा कुठल्या पीठाकडे येतो ते आधी रजिस्ट्रीत, म्हणजे मॅटच्या कार्यालयात, विचारून घ्या. नेमणुकीचं ठिकाण किंवा वाद जिथं उभा राहिला ते ठिकाण धरतात, रिटायर झालेल्या माणसाला राहत्या जागेवरून पण अर्ज करता येतो.

कोण जाऊ शकतं यात फार गोंधळ दिसतो. तलाठी, लिपिक, पोलीस शिपाई, इंजिनिअर, तहसीलदार, राज्य शासनाच्या पदावरचे सगळे आले. भरतीतले उमेदवार पण आले, म्हणजे एमपीएससीने अपात्र ठरवलं किंवा पोलीस भरतीच्या निवड यादीत घोळ झाला तर तुम्ही अजून नोकरीत नसलात तरी मॅटच. अनुकंपावाले पण इथंच. पण जिल्हा परिषदेचे कर्मचारी इथं येत नाहीत, त्यांना हायकोर्टात जावं लागतं. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकांसाठी शाळा न्यायाधिकरण वेगळं आहे, आयएएस आयपीएसवाले कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, कोर्टातले कर्मचारी आणि विधानमंडळ सचिवालयाचे कर्मचारी कायद्यानेच बाहेर ठेवलेत. चुकीच्या दारात उभं राहून वर्ष घालवू नका.

आता मुदत, आणि हे दोनदा वाचा. कायद्याचं कलम २० म्हणतं की खात्यातले उपाय आधी वापरा. म्हणजे नियमात अपील असेल तर अपील करा, उदाहरणार्थ विभागीय चौकशीत शिक्षा झाली तर १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली ४५ दिवसांत अपील करायचं असतं. त्या अपिलाचा निकाल लागला की निकालाच्या तारखेपासून एक वर्षात मॅट. आणि निकालच लागला नाही, फाईल नुसती टेबलावर पडून राहिली तर? तर अपील केल्यापासून सहा महिने थांबायचं, आणि ते सहा महिने संपल्यापासून पुढे एक वर्ष मिळतं. समजा १ जानेवारी २०२४ ला अपील दिलं आणि उत्तर नाही, तर जून २०२४ अखेर सहा महिने झाले आणि जून २०२५ संपायच्या आत तुमचा अर्ज दाखल झालेला पाहिजे. बस एवढंच गणित आहे, पण लोक काय करतात की अपिलानंतर दर तीन महिन्यांनी निवेदन देत राहतात आणि त्यांना वाटतं शेवटच्या निवेदनापासून मुदत मोजणार. तसं नसतं. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच एस. एस. राठोर केसमध्ये सांगून ठेवलंय की नियमात नसलेली निवेदनं पुन्हा पुन्हा देऊन मुदत वाढत नाही. राज्यपालांकडे अर्ज केलाच पाहिजे अशीही सक्ती नाही, त्यात अडकून पडू नका.

उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडता येतो, पण कारण खरं आणि कागदावर दिसणारं पाहिजे, दवाखान्याचे पेपर वगैरे. चुकीची वेतननिश्चिती किंवा कमी पेन्शन अशा गोष्टीत तोटा दर महिन्याला होत राहतो म्हणून तिथं जरा सवलत मिळते, तरी थकबाकी साधारण अर्ज करायच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे थांबलात तितके पैसे बुडाले.

कागद जमवताना प्रत्येक निवेदनावर आवक शिक्का आणि तारीख घ्याच. साहेबांना भेटलो, ते हो म्हणाले, याला काडीची किंमत नाही. सेवापुस्तकाची झेरॉक्स, नेमणुकीची ऑर्डर, ज्या ऑर्डरवर आक्षेप आहे ती, त्याबद्दलचे जीआर, अपील, सगळं तारखेच्या क्रमाने लावा. जे मिळत नाही ते माहिती अधिकारात मागा, खासकरून फाईलवरच्या टिपण्या. बदली असेल तर नागरी सेवा मंडळाच्या मिटिंगचं इतिवृत्त मागवा, तुमच्या बदलीची शिफारस मंडळाने केली होती की नाव नंतर घुसवलं ते तिथं कळतं. पण माहिती अधिकाराचं उत्तर येईपर्यंत मुदत थांबत नाही हे ध्यानात ठेवा.

अर्जाला सगळे ओए म्हणतात, म्हणजे मूळ अर्ज. एका ओएमध्ये एकच विषय घ्या, बदली आणि पाच वर्षांपूर्वीची रखडलेली पदोन्नती एकत्र कोंबू नका. समोर महाराष्ट्र शासन संबंधित खात्याच्या सचिवांमार्फत आणि ज्यांनी ऑर्डर काढली ते अधिकारी, आणि तुम्ही जिंकलात तर ज्याचं नुकसान होणार आहे तो सहकारी पण प्रतिवादी करावाच लागतो. तुमच्या जागेवर आलेला माणूस असो की ज्येष्ठता यादीत तुमच्या वर बसलेला असो, चांगला मित्र असला तरी नाव टाका, नाहीतर तेवढ्याच मुद्द्यावर अर्ज पडू शकतो. मागणी नेमकी लिहा, अमुक तारखेची ऑर्डर रद्द करा आणि अमुक पदावर ठेवा. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडायचा हक्क कायद्यात आहे, तरी माझं मत विचाराल तर सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीच्या केसेस, रोज करणारा वकील बघा, गावातला ओळखीचा दिवाणी वकील इथं फारसा उपयोगाचा नाही.

पहिल्या तारखेला बहुतेक वेळा नोटीस निघते आणि ती नोटीस पेपरबुकासकट, म्हणजे अर्ज आणि जोडलेल्या सगळ्या कागदांसकट, सरकारला पोचवायचं काम तुमच्याकडेच देतात, हातपोच किंवा स्पीड पोस्टाने. ती वेळेत उचला, पोच घ्या आणि पोचवल्याचं अ‍ॅफिडेव्हिट वेळेत दाखल करा, नाहीतर केस डिसमिसलसाठी, म्हणजे काढून टाकायला, बोर्डावर लागते. मग सरकारकडून सादरकर्ता अधिकारी उभे राहतात, त्यांना सगळे पीओ म्हणतात, आणि ते उत्तरासाठी वेळ मागतात, परत मागतात. इथं चिडून उपयोग नाही पण प्रत्येक तारखेला हजर राहा. उत्तर आलं की प्रत्युत्तर द्या. साक्षीदार, उलटतपासणी असलं इथं सहसा नसतं, कागद आणि युक्तिवाद यावरच निकाल लागतो, म्हणून तर कागदांचं एवढं सांगितलं.

स्टे हवा असेल तर धावायला लागतं. साधारण समोरच्याला अर्जाची प्रत देऊन त्याचं ऐकल्याशिवाय अंतरिम आदेश देत नाहीत, भरून न निघणारं नुकसान होत असेल तरच एकतर्फी देतात आणि तोही पुढे चालू ठेवला नाही तर १४ दिवसांत संपतो. बदलीत एकदा कार्यमुक्त केलं आणि दुसरा माणूस तुमच्या खुर्चीवर रुजू झाला की स्टे मिळणं फार अवघड होतं, तेव्हा बदलीची ऑर्डर हातात पडली की आठवडाभर विचार करत बसू नका. २००५ च्या बदली कायद्यात साधारण तीन वर्षांचा कालावधी आहे आणि बदल्या एप्रिल मे मध्ये करायच्या असतात. मध्येच केली तर विशेष कारण लेखी पाहिजे आणि वरच्या प्राधिकाऱ्याची आधी मान्यता पाहिजे. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढे दोन शब्द लिहून बदली केली असेल तर तिथंच बोट ठेवा. पोलिसांचं वेगळं आहे, त्यांना पोलीस कायद्यातल्या तरतुदी लागतात.

निलंबनात सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा अजयकुमार चौधरी निकाल आणि राज्याचा ९ जुलै २०१९ चा जीआर सोबत ठेवा, ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालवता येत नाही असा त्याचा गाभा आहे. रिटायरमेंटच्या तोंडावर जादा वेतन दिलं म्हणून वसुली काढतात, हे तर बघवत नाही, आयुष्यभर नोकरी केलेल्या शिपायाच्या ग्रॅच्युइटीतून लाखभर कापून घेतात. तिथं २०१४ चा रफिक मसीह निकाल आहे, गट क आणि ड, रिटायर झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा दिलेली रक्कम, अशा वसुलीला त्यात मनाई आहे. पण वेतननिश्चितीच्या वेळी जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र तुम्ही सही करून दिलं असेल तर सरकार २०१६ चा जगदेव सिंग निकाल पुढे करतं, तेव्हा सेवापुस्तकात ते हमीपत्र आहे का आधीच बघा आणि वकिलाला लपवू नका.

निकाल विरोधात गेला तर मॅटच्या वर नेहमीसारखं अपील नाही, पण १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींपुढे रिट करता येते. नजरचुकीची उघड चूक असेल तर ३० दिवसांत रिव्ह्यू मागता येतो, पण तो पुन्हा सगळी केस चालवायचा रस्ता नाही. निकाल बाजूने लागला तर ऑर्डरची प्रत स्वतः कार्यालयात नेऊन द्या, सोबत एक पानाचं पत्र लावा की अमुक तारखेपर्यंत अंमलबजावणी करावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ऑर्डरमधली मुदत संपली आणि हायकोर्टाचा स्टे पण नाही, तरी काहीच हललं नाही तर अवमानाचा अर्ज मॅटमध्येच करता येतो, त्यालाही एक वर्षाची मुदत आहे आणि ती मोजताना तुमच्या हातातली ती शिक्का मारलेली प्रतच दाखवावी लागते.