मोठे शिकारी डायनासोर: वंशवृक्ष मांडताना या चुका टाळा

मोठ्या मांसाहारी डायनासोरांच्या तक्त्यांत एक गफलत हमखास सापडते: आकार सारखा, म्हणजे नातं जवळचं. ॲलोसॉरस, गिगॅनोटोसॉरस आणि टी-रेक्स एका फांदीवर, आणि सगळे चिमुकले दुसऱ्या फांदीवर. ही काही फक्त नवशिक्यांची चूक नाही. जर्मन जीवाश्मतज्ज्ञ फ्रीडरिश फॉन ह्यूने यांनी १९२० मध्ये ‘कार्नोसॉरिया’ हा गट मांडला आणि पुढे कित्येक दशकं जो तो अवाढव्य शिकारी त्यात ढकलला गेला. टी-रेक्सचं मूळ लहान चणीच्या सीलुरोसॉरांत (पक्ष्यांना जवळच्या शिकारी डायनासोरांच्या गटात) असावं, असं खुद्द ह्यूने यांनीच लवकर सुचवलं होतं. पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. हे मत रुळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. जबलपूरच्या इंडोसुकसचीही अशीच फरफट झाली. १९३३ मध्ये त्याचं नामकरण झालं, तो कधी ॲलोसॉरसच्या तर कधी टी-रेक्सच्या कुळात जाऊन बसला, आणि शेवटी ॲबेलिसॉर, म्हणजे एका तिसऱ्याच शिकारी घराण्यातला, ठरला.

मग बघायचं काय? टी-रेक्सच्या पावलाची तीन लांब हाडं समोरून पाहा. मधलं हाड वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी इतकं चेपलेलं असतं की तिथे ते जवळजवळ दिसेनासं होतं. ॲलोसॉरसमध्ये हे नाही. शहामृगासारख्या दिसणाऱ्या ऑर्निथोमिमिडांमध्ये मात्र आहे. टी-रेक्सच्या जबड्याचे अगदी पुढचे दातही वेगळे असतात, आडवे कापले तर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसतात. अर्थात, एकाच खुणेवर निकाल देऊ नका. टी-रेक्सच्या आद्य नातलगांचे पुढचे दात तसे आहेत, पण पाऊल अजून साधंच आहे.

दुसरी चूक शिडीची: आधी ॲलोसॉरस, मग तोच वाढत वाढत टी-रेक्स. दोघांमध्ये सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर आहे, पण खरी अडचण ती नाही. चीनमधला गुआनलाँग सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ॲलोसॉरसच्याही थोडा आधीचा. जेमतेम ३ मीटर लांब, हाताला तीन बोटं, डोक्यावर तुरा, आणि तरी टी-रेक्सच्याच घराण्यातला. अमेरिकेतल्या युटामध्ये ॲलोसॉरसच्या हाडांनी गच्च भरलेल्या क्लीव्हलँड-लॉइड खाणीत टी-रेक्सच्या घराण्यातला छोटा स्टोक्सोसॉरसही मिळाला. दोन्ही घराणी एकाच काळात नांदत होती. ॲलोसॉरसचं राजा, टी-रेक्सचं किरकोळ. उत्तरेत टी-रेक्सचं घराणं अवाढव्य झालं ते बऱ्याच नंतर, कार्कारोडोन्टोसॉर (गिगॅनोटोसॉरसचं घराणं) मागे पडल्यावर.

आखूड हात दिसले की ‘टी-रेक्सचा भाऊ’ म्हणून मोकळं होऊ नका. कार्नोटॉरसचे हात त्याहून केविलवाणे, पण बोटं चार आणि कूळ ॲबेलिसॉरांचं. २०२२ मध्ये नाव मिळालेल्या अर्जेंटिनाच्या मेराक्सेसचेही हात आखूड आहेत, आणि तो कार्कारोडोन्टोसॉर. म्हणजे हात आखडण्याचा प्रकार वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडला.

डायमेट्रोडॉनला तक्त्यात मुळीच घेऊ नका. पाठीवर शीड असलं तरी तो डायनासोर नव्हे. त्याचं नातं सस्तन प्राण्यांशी जवळचं.

लहान सांगाडा म्हणजे पिल्लू की वेगळी प्रजाती, हा घोळ मात्र खरोखर अवघड आहे. नॅनोटायरॅनस हे नाव १९८८ चं. पुढे बहुतेक अभ्यासकांनी त्याला वयात न आलेला टी-रेक्स ठरवलं. २०२५ मध्ये एका सांगाड्याच्या हाडांतली वाढीची वलयं तपासली, तेव्हा प्राणी जवळजवळ पूर्ण वाढलेला निघाला. शिवाय त्याचे हात प्रौढ टी-रेक्सच्या हातांपेक्षा मोठे होते, आणि वाढत्या वयात हाताची हाडं काही आखडत नाहीत. तुमच्या तक्त्यात तो अजून ‘टी-रेक्सचं पिल्लू’ म्हणून असेल, तर तो कोपरा खोडून त्याला वेगळी फांदी काढा.